नाव काय गं तुझं?

मैत्रिणींनो, नवा सिनेमा मोठ्या पडद्यावर बघायचा तर आम्ही औशाच्या बायका लातूर गाठतो. तसं लातूर काही लांब नाही, वीस-एक किलोमीटर. पण सकाळचा स्वयंपाक, धुणं-भांडी, पोरांचे डबे उरकून निघायचं आणि दिवे लागायच्या आत परत यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. म्हणून वर्षातून दोन-तीन वेळाच तो योग येतो. बाकीचे सिनेमे मोबाइलवर, भाजी निवडता निवडता. आणि मोबाइल हातात आलाच आहे, तर सिनेमा संपल्यावर इकडच्या-तिकडच्या वेबसाइट चाळायचा नादही मला लागलाय.

बऱ्याच जणी विचारतात, ‘कोणता बघू गं? किती स्टार देशील?’ खरं सांगू? स्टार-बिर देणं मला जमत नाही. कॅमेरा कसा होता, संकलन कसं होतं, यातलं मला फारसं कळतही नाही. माझी फूटपट्टी एकच आहे. त्यातल्या बाईला स्वतःचं नाव आहे का? म्हणजे ती नुसती कुणाची तरी बायको, सून, आई एवढीच आहे, की तिला तिच्या नावानं कुणी हाक मारतं, आणि त्या नावावर काही असतं?

हसू नका. जरा आपल्याकडं बघा. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवं नाव लिहितात. सगळे टाळ्या वाजवतात. वीस-बावीस वर्षं ज्या नावाला आपण ‘ओ’ दिली, ते नाव त्या तांदळाखाली जातं. पुढं आपण वहिनी होतो, काकू होतो, ‘पिंट्याची मम्मी’ होतो. ज्याचं नाव आपण उखाण्यात घेतो, तो आपल्याला ‘अगं ए’, ‘ऐकलंस का’ एवढ्यावर भागवतो. आता ही गंमत म्हणून सोडून देता आली असती. पण बँकेत, रेशनच्या दुकानात, तलाठ्याकडं हीच गंमत अंगाशी येते. त्याबद्दल पुढं सांगतेच. आधी सिनेमे.

दोन नवऱ्या, तीन नावं

किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ मार्च २०२४ मध्ये थिएटरात आला आणि पुढच्या महिन्यात मोबाइलवरही आला. नंतर भारतातर्फे ऑस्करसाठी तोच पाठवला गेला. गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. रेल्वेच्या डब्यात सारखेच लाल घुंगट घेतलेल्या दोन नवऱ्या, आणि अंधारात नवरा भलतीचाच हात धरून उतरतो. लोक हसले, मीही हसले. पण माझं लक्ष होतं फूलकडं. ती बिचारी स्टेशनवर राहून जाते आणि तिला सासरच्या गावाचं नाव सांगता येत नाही. कुठल्याशा फुलाच्या नावाचं गाव आहे, एवढंच तिला माहीत. नवऱ्याचं नाव उच्चारायलाही लाजते. म्हणजे पत्ता नाही, नाव नाही; तिला घरी पोचवायचं तरी कसं?

दुसरी जया. ती हुशार आहे, तिला शिकायचंय, सेंद्रिय शेतीचं शिक्षण घ्यायचंय. पण ते मिळवण्यासाठी तिला ‘पुष्पा’ असं खोटं नाव सांगावं लागतं. एकीला नाव सांगता येत नाही आणि दुसरीला खरं सांगायची सोय नाही! सिनेमातली गोष्ट २००१ सालातली दाखवली आहे. पण आज आपल्या किती जणींना नवऱ्याच्या शेताचा गट नंबर सांगता येईल? मी आमच्या भिशीच्या बायकांना विचारलं. तेरा जणींपैकी दोघींना आला.

स्टेशनवर चहाची टपरी चालवणारी मंजू माई आठवते ना? एकटी राहते, कमावते, कुणाचं ऐकून घेत नाही. घरातली कामं येतात पण घरी कसं पोचायचं ते येत नाही, याची लाज तिला फूलपेक्षा फूलला वाढवणाऱ्यांची वाटते. मला ही माई फार आवडली. आमच्या बसस्टँडवरही अशा दोघी-तिघी आहेत. त्यांच्या हातचा चहा पिताना आता मी आधी त्यांचं नाव विचारते.

सविताचं पूर्ण नाव

आता ‘स्थळ’बद्दल. हा मराठी सिनेमा ७ मार्च २०२५ ला, म्हणजे महिला दिनाच्या आदल्या दिवशी आला. जयंत दिगंबर सोमलकर यांनी तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात तिथल्याच माणसांना घेऊन केला. त्याआधी २०२३ साली टोरंटोच्या महोत्सवात त्याला पुरस्कारही मिळाला होता. सिनेमात नट-नट्या वाटाव्यात असे चेहरेच नाहीत. सगळे आपल्या शेजारपाजारचे वाटतात.

गोष्ट म्हणावी तर एवढीच. सविता कॉलेजात शिकते आहे, स्पर्धा परीक्षा द्यायची तिची इच्छा आहे. बाप कापूस पिकवतो. आणि घरी पाहुणे येत राहतात. पाटावर बसायचं, खाली बघायचं आणि उत्तरं द्यायची. पूर्ण नाव? जन्मतारीख? शिक्षण? उंची? छंद? सविता दौलतराव वांढरे… सविता दौलतराव वांढरे… प्रत्येक वेळी तेच. पाहुणे बदलतात, पोहे तेच, प्रश्न तेच. नाव तिचंच असतं, पण ऐकायचं कुणालाच नसतं. रंग आणि उंची बघायची असते आणि बापाची ऐपत जोखायची असते.

सिनेमाची सुरुवात मात्र उलटी आहे. तिथं मुलगा पाटावर बसलाय आणि बायका त्याला प्रश्न विचारतायत. आम्ही खदाखदा हसलो. हसता हसता माझ्या शेजारी बसलेली पुतणी एकदम गप्प झाली. तिचे असे नऊ कार्यक्रम झालेत. नवव्या वेळी पाहुण्यांनी तिला अंगणात चालून दाखवायला सांगितलं होतं. त्या दिवशी घरातल्या कुणालाच त्यात वावगं वाटलं नव्हतं. सिनेमा बघून घरी आल्यावर ती तिच्या वडिलांना शांतपणे म्हणाली, “दादा, दहाव्या वेळी मी पण विचारणार. मुलाची उंची नाही विचारणार, दारू पितो का ते विचारणार.” दादा काही बोलले नाहीत. पण त्यानंतर आलेल्या पाहुण्यांना त्यांनी फोनवरच सांगितलं, “आमची पोरगी पण दोन प्रश्न विचारल, चालत आसल तर या.” ते पाहुणे आले नाहीत. दुसरे आले. अजून जमलेलं नाही, पण पोरगी आता पाटावर बसत नाही, खुर्चीवर बसते. सिनेमानं एवढं केलं तरी पुष्कळ झालं, नाही का?

‘स्थळ’ थोडा संथ आहे, हेही सांगून टाकते.  ‘टाइमपास’ म्हणून बसाल तर कंटाळाल. पण घरात लग्नाची मुलगी असेल तर तिच्यासोबत नक्की बघा, आणि तिच्या बापालाही शेजारी बसवा.

हिला नावच नाही

‘मिसेस’ हा हिंदी सिनेमा २०२५ च्या फेब्रुवारीत मोबाइलवर आला. सान्या मल्होत्रा त्यात आहे, दिग्दर्शन आरती कडव यांचं. मूळ मल्याळम सिनेमा २०२१ सालचा, ‘द ग्रेट इंडियन किचन’. गंमत बघा, त्या मूळ सिनेमात नवरा-बायकोला नावंच दिलेली नाहीत! आणि हिंदीत नायिकेचं नाव रिचा आहे खरं, पण सिनेमाचं नाव ‘मिसेस’. म्हणजे पुढं नवऱ्याचं नाव लावल्याशिवाय पूर्णच न होणारा शब्द.

मारहाण नाही, हुंडा नाही, सासू खाष्ट नाही. नवरा डॉक्टर, सासरे गोड बोलणारे. फक्त चटणी मिक्सरची नको, पाट्यावरची हवी. पोळी डब्यातली नको, तव्यावरची हवी. सिंकचा पाइप गळतोय, तो दुरुस्त करायला कुणाला सवड नाही. हा सिनेमा बघून काही पुरुष फार रागावले म्हणे. ‘एवढ्याशा कामाचं काय एवढं?’ असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, काम एवढंसं नसतं आणि खरं दुखणं कामाचं नसतंच. दिवसभर राबूनही त्या घरात ती कोण आहे, हे कुणी विचारत नाही, ते दुखणं आहे.

एक मात्र खटकलं. रिचा बरीच शिकलेली, नाचात हुशार. तिला सोडून जायला एक जागा आहे. ज्यांना तशी जागा नाही त्यांनी काय करायचं, हे सिनेमा सांगत नाही.

जाता जाता ‘वेड’बद्दलही सांगते. आपल्या लातूरच्या रितेश देशमुखनं दिग्दर्शित केलेला म्हणून २०२२ च्या डिसेंबरात आम्ही सगळ्याच तो बघायला धावलो. गाणी झकास, जेनेलिया गोड. पण ती श्रावणी वर्षानुवर्षं नवऱ्याचं दारूचं वेड सांभाळत बसते, ते बघून माझा जीव खालीवर झाला. घरचाच पोरगा आहे म्हणून मोकळेपणानं सांगते, पुढच्या वेळी बाईला एवढी वाट बघायला लावू नको बाबा!

आणि ‘बाईपण भारी देवा’? जून २०२३ च्या अखेरीस केदार शिंदे यांचा हा सिनेमा आला आणि गावोगावच्या बायका नऊवारी नेसून, नथी घालून थिएटरात गेल्या. आम्हीही अकरा जणी क्रूझर करून लातूरला गेलो. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, जुनी भांडणं. खरं बोलायचं तर शेवटी सगळे प्रश्न फुगडीत विरघळून जातात, आणि तसं आयुष्यात होत नाही. पण एक गोष्ट मनात बसली. जया, शशी, साधना, पल्लवी, केतकी, चारू… या बहिणी एकमेकींना नावानं हाक मारतात. घरी त्या कुणाच्या तरी कुणीतरी असतील, पण बहिणींत आल्या की नाव परत मिळतं.

परतीच्या वाटेवर आमच्यातल्या एकीनं सहज विचारलं, “तुझं माहेरचं नाव काय गं?” आणि मग प्रत्येकीची पाळी आली. अठरा वर्षं एका भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या दोघींना एकमेकींचं पहिलं नाव ठाऊक नव्हतं! औसा येईपर्यंत आम्ही एकमेकींना माहेरच्या नावानं हाका मारत होतो. ड्रायव्हरदादाला वाटलं, ह्या बायकांना उतरताना मोजून घ्यावं लागेल.

जात्यावरच्या बायका नेटवर

‘मिसेस’मधला तो पाटा-वरवंटा बघून मला जातं आठवलं. आपल्या आज्या-पणज्या पहाटे उठून दळत होत्या. कष्ट आजच्यापेक्षा कितीतरी जास्त. पण रिचा गप्प राहते आणि आज्या गप्प नव्हत्या. त्या गात होत्या. सासूचं, नवऱ्याचं, भावाचं, पंढरीच्या विठ्ठलाचं, सगळं जात्याजवळ बोलून मोकळ्या होत होत्या. ऐकणारं मात्र कुणी नव्हतं.

ते ऐकणारं कुणीतरी होतं, हे मला एका वेबसाइटमुळं कळलं. पी. साईनाथ यांनी २०१४ साली ‘पारी’ हे संकेतस्थळ सुरू केलं. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ असं त्याचं पूर्ण नाव. गुगलवर ‘पारी जात्यावरच्या ओव्या’ असं मराठीतूनच टाइप करा. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण इथलेच होऊन गेलेले गी पोइटवँ या दोघांनी पुण्यात राहून, सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांमधून ओव्या गोळा केल्या. एक-दोन नव्हे, लाखाहून अधिक! बर्नार्ड बेल या संगीताच्या अभ्यासकानं त्या संगणकावर नीट लावून ठेवायला मदत केली. गी २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. पण त्यांचं काम ‘पारी’वर २०१७ पासून येत गेलं. आवाज ऐकता येतो, शब्द वाचता येतात, कितीतरी बायकांचे फोटोही आहेत.

आपल्या मराठवाड्याच्या बायकाही तिथं आहेत. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे सीतेच्या वनवासाचं गातात, तेव्हा तो वनवास सीतेचा की गंगूबाईंचा असा प्रश्न पडतो. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर ओव्या गायल्यात. आणि माझ्या फूटपट्टीत ही साइट एकदम पहिल्या नंबरात येते. कारण प्रत्येक ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे. शाळेचा दाखला नाही, सातबारा नाही, पण एवढ्या मोठ्या साठ्यात तिचं नाव तिच्या आवाजाशेजारी लिहून ठेवलंय.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांना मी हे ऐकवलं. पहिल्यांदा त्यांनी चूक काढली. “आमच्याकडं असं म्हणत न्हाईत. शेवट येगळाय.” मग म्हणाल्या, “बंद कर ते, मी सांगते.” आणि सुरू झाल्या! मी पटकन रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. चौदा ओव्या झाल्या. फाइल साठवताना मोबाइलनं नाव मागितलं. मी विचारलं, “आत्याबाई, काय नाव देऊ?” त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, “सोनूबाई.” पंचवीस वर्षं मी या घरात आहे. कागदावर, पत्रिकेवर, बँकेत त्यांचं वेगळंच नाव बघत आले. सोनूबाई हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. आता माझ्या मोबाइलमध्ये ती फाइल ‘सोनूबाई’ याच नावानं आहे.

ओटीपी कुणाच्या मोबाइलवर?

आता सरकारी वेबसाइटकडं येऊ. ‘काय बाई, त्यात काय इंटरेस्टिंग असतं!’ असं म्हणू नका. जुलै २०२४ पासूनच्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेनं आपल्यातल्या कित्येक जणींना पहिल्यांदा वेबसाइट म्हणजे काय ते दाखवलं. महिन्याला दीड हजार रुपये, स्वतःच्या खात्यावर. त्यासाठी कागद काढले आणि काय दिसलं? आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं तिसरं. बाई एक आणि नावं तीन!

२०२५ मध्ये ई-केवायसी आली, तेव्हा दुसरा घोळ कळला. ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या नंबरवर. आणि तो नंबर असतो नवऱ्याचा. आमच्या गल्लीतल्या एकीचा नवरा पुण्याला कंपनीत. तो ड्यूटीवर असताना मोबाइल जमा करावा लागतो. ती इकडं दुकानात उभी, ओटीपी तिकडं कपाटात! तीन दिवस ती हेलपाटे घालत होती. म्हणून मैत्रिणींनो, सगळं बाजूला ठेवा आणि आधी आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर आधारला जोडून घ्या. तुमच्या नावाची चावी दुसऱ्याच्या खिशात कशाला?

आणि एक सावधगिरी. याच योजनेच्या नावानं खोट्या साइटही निघाल्या. सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं. ते नसेल तर माहिती भरू नका, आणि ओटीपी तर फोनवर कुणालाच सांगू नका. मग तो कितीही गोड बोलो!

सातबाऱ्यावर कोण?

माझ्या मते आपल्यासारख्या बायकांसाठी सगळ्यात रंजक वेबसाइट कुठली असेल तर ती ‘महाभूलेख’. खोटं वाटतं ना? सासू-सुनांच्या सिरियलमध्ये नसेल एवढं नाट्य तिथं असतं.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कुणाची, बारामध्ये पीक कोणतं. साइटवर जिल्हा लातूर, तालुका औसा निवडलं की गावांची यादी उघडते. भादा, मातोळा, लामजना, किल्लारी, खरोसा… आपल्या माहेरचं गाव त्या यादीत दिसलं तरी कसं बरं वाटतं! गट नंबर माहीत नसला तरी अडत नाही. पहिलं नाव, मधलं नाव किंवा आडनाव टाकून शोधता येतं. नुसता बघायचा उतारा फुकट आहे, पण तो कायदेशीर कामाला चालत नाही. कामाला लागणारा डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत निघतो. तलाठ्याच्या दारात ताटकळायला नको.

माझ्या धाकट्या जावेनं असंच एका दुपारी गंमत म्हणून माहेरच्या गावात वडिलांचं आडनाव टाकलं. वडील जाऊन चार वर्षं झालेली. यादी खाली सरकवता सरकवता ती एकदम म्हणाली, “ताई, हे बघा की! हे माझं नाव हाय!” खरंच होतं. वारसाच्या नोंदीत दोन भावांच्या खाली तिचं नाव. तेही माहेरचं, तांदळाखाली गेलेलं नाव. घरात कुणी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

कायदा तिच्या बाजूचा आहे. महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा १९९४ सालीच दिला, पण आधी लग्न झालेल्यांना त्यातून वगळलं होतं. २००५ साली केंद्राच्या कायद्यानं ती अट गेली. आणि ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्टच सांगितलं की मुलीचा हा हक्क जन्मापासूनचा आहे, २००५ ला बाप हयात होता की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. एवढं सगळं आहे. पण आपल्याकडं काय होतं? वारसाची नोंद होते आणि मग एक दिवस भाऊ येतो, साडी-चोळी आणतो आणि हक्कसोडपत्रावर सही मागतो. आपण करतो. माहेर तुटू नये म्हणून करतो. कुणी स्वखुशीनं केली तर त्यात वाईट काही नाही. पण कशावर सही करतोय हे न वाचता ती होते, ते मला पटत नाही.

जावेचा भाऊ दिवाळीत आला होता. कागद सोबत होता. जावेनं त्याला ओवाळलं, जेवायला वाढलं आणि म्हणाली, “भाऊ, कागद ठेवून जा. मी वाचते, मग सांगते.” भाऊ म्हणाला, “आता बहिणीला भावावर भरवसा न्हाई व्हय?” ती म्हणाली, “भरवसा हाय की. म्हणून तर कागद घरात ठेवून घेतेय.” कागद अजून कपाटात आहे. सही झालेली नाही, आणि भाऊ रागावलाय म्हणावं तर परवाच त्यानं माळव्याची पिशवीही पाठवली. पुढं काय होईल ते तिचं तिला ठरवू दे. पण आता ठरवणारी ती आहे, एवढा फरक पडला.

आणि सासरच्या जमिनीचं काय? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन घेतलं आणि पुढं ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक दिली. घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा तुकडा करा, अशी. कितीतरी शेतकऱ्यांनी तो केला. सरकारनंही १९९२ साली परिपत्रक काढून नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची वाट मोकळी केली. आज इतक्या वर्षांनी आपल्या घरात ते झालंय का, हे बघायला आता दोन मिनिटं लागतात.

कोरं पान

शेवटची एक साइट सांगते, ती मात्र निव्वळ आनंदाची. ‘ई-बालभारती’वर शाळेची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. पोरांसाठी तर कामाची आहेच, पण तिथं जुनी पुस्तकंही ठेवली आहेत. आपण शिकलो ती! मी चौथीचं मराठीचं पुस्तक उघडलं आणि तासभर उठलेच नाही. आठवतं, नवं पुस्तक मिळालं की आपण पहिल्या पानावर काय लिहायचो? नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक. चांगल्या पेनानं, वळणदार अक्षरात.

काही गोष्टी बदलतायत, हेही खरं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळांच्या नावात महाराष्ट्रात आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं, अशी पद्धत आली आहे. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा तर कायदा कधीच नव्हता. ती आपली रीत आहे, आणि रीत घरच्या घरी बदलता येते. माझ्या पुतणीनं ठरवलंय, ती बदलणार नाही. ज्यांनी बदललंय त्यांनी वाईट वाटून घेऊ नका. दोन्ही नावं आपलीच आहेत. फक्त दोन्हींवर काय-काय आहे ते आपल्याला माहीत असलं पाहिजे.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढं करा. ‘स्थळ’ किंवा ‘लापता लेडीज’ यातला एक सिनेमा घरातल्या पुरुषांसोबत बघा. आणि कामं उरकल्यावर दुपारी दहा मिनिटं काढून महाभूलेखवर दोनदा शोधा. एकदा सासरच्या गावात, एकदा माहेरच्या. दोन्ही नावं टाकून बघा. शेजारणीला जमत नसेल तर तिच्यासाठीही बघा. पण त्यासाठी आधी तिला तिचं नाव विचारावं लागेल हं!